टाकीजवळचे स्टूल

सत्तरच्या दशकात माझ्याकडे वडिलांची एक जुनी विलायती मोटार होती. तिच्या पेट्रोलच्या टाकीला भोक पडले, म्हणून मी ती टाकी काढून सीताबर्डीच्या एका वयस्क वेल्डिंग मिस्त्रींकडे न्यायचे ठरवले. टाकी आधी सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुऊन आणा, असे त्यांनी मला बजावले होते. आत उरलेली पेट्रोलची वाफ ठिणगीने भडकते. मी आळस केला. पेट्रोल ओतून टाकले, टाकी दिवसभर नुसती उघडी ठेवली आणि तशीच त्यांच्या दुकानात नेली.

"धुतली ना बराबर?" मिस्त्रींनी विचारले.

"दोनदा," मी म्हणालो.

त्यांनी गॅसची नळी हाती घेतली आणि टाकीला लागून एक स्टूल सरकवले. "मंग बसा इथं, साहेब. ज्याची टाकी, तो आपल्या बाजूले बसते. आपला नेमच हाय."

मी बसलो; पण त्यांनी आगपेटीतून काडी काढताच उठून उभा राहिलो. "थांबा. मी ती धुतलेली नाही."

काडी परत पेटीत गेली. "मले माहीत होतं, वास येऊन राहिला होता," ते हसले. "या स्टुलावर बसलं का भल्याभल्यांले आठवते. घ्या बादली, नळ तिकडं हाय."

दुपारभर मी पाणी वाहिले आणि त्यांनी टाकी धुतली. एका शब्दानेही त्यांनी मला दुखावले नाही. ते स्टूल त्यांनी सरकवले नसते, तर मी दूर उभा राहून त्यांना काडी ओढू दिली असती, हे मात्र मला ठाऊक आहे.