लिफ्टचे नवे लायनर

मिस्त्रीकाका आमच्या बांधकाम कंपनीची यंत्रं सांभाळतात. ‘सांभाळतात’ हा माझा शब्द. ते स्वतः म्हणतात, मी यंत्रांमागे धावतो. कंपनी मधल्या आकाराची. म्हणजे यंत्रं विकत घेण्याइतकी मोठी, ती नीट ठेवण्याइतकी नाही. साहित्याची पदवी घेऊन मी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुट्या भागांच्या मागणीची पत्रं टाइप करायला लागलो. शेडमध्ये एकच पंखा. तो काकांकडे वळवलेला असतो, कारण त्यांना राग आला की घाम येतो आणि राग सकाळपासूनच येतो. माझ्या दुप्पट वयाचे आहेत, पण आमची मैत्री जमली.

आमच्याकडची रीत अशी. यंत्र चालू असेपर्यंत त्याला कोणी हात लावू देत नाही, कारण ते चालू आहे. बंद केलं की दुसऱ्या साइटवाले येऊन त्याचे भाग काढून नेतात, कारण ते बंद आहे. कोणी मिक्सरचा पट्टा नेतो, कोणी पंपाची बॅटरी. नेणाऱ्याला चोर म्हणत नाहीत, हुशार म्हणतात. त्यामुळे तेल बदलायलासुद्धा कोणी यंत्र थांबवत नाही. काकांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, नवा म्हणून माझी फिरकी घेतायत.

गेल्या महिन्यात मोठ्या इमारतीवरच्या मालाच्या लिफ्टचा ब्रेक सरकू लागला. पिंजरा मजल्याला थांबायचा आणि मग हळूच वीतभर खाली यायचा. वरच्या मजल्यावर त्या पिंजऱ्यात शिरून विटांचा गाडा बाहेर ओढणारा माणूस म्हणजे काकांचा जावई. काकांनी इंजिनिअर साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, वीतभरच ना, हा मजला होऊन जाऊ दे. मग काकांनी जावयाला काळजी घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, मामा, मला अंदाज आलाय, ती खाली यायला लागली की मी बाहेर उडी मारतो. हे त्याने घरी, जेवताना, बायकोसमोर सांगितलं. काकांची लेक ताटावरून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी काका साइटवर गेले. सोबत मी. त्यांनी लिफ्टचा मेन स्विच पाडला, ब्रेकचे झिजलेले लायनर काढले आणि जावयाला खाली बोलावून लिफ्टचा दोर ओढणाऱ्या विंचशेजारी बसवलं. जागचा हलू नकोस, असं दोनदा बजावलं. मग आम्ही नवे लायनर आणायला बाजारात गेलो.

परत आलो तेव्हा जावई जागेवर होता. मोटर नव्हती.

दुसऱ्या साइटचा टेंपो येऊन गेला होता. लिफ्ट बंदच आहे तर मोटर नेतो, उद्या देतो, असं टेंपोवाले म्हणाले. जावयाने ती नेऊ दिली. नेऊ दिली एवढंच नाही, बोल्टही त्यानेच सोडवले होते.

“त्यांच्याकडे पाना नव्हता,” तो म्हणाला.

काकांनी टोपी काढली. परत घातली. जावई समोर नाहीच अशा थाटात माझ्याकडे वळून म्हणाले, “याला मी मुलगी दिलीय.”

साहेब आले आणि आरडाओरडा करून गेले. विटा आता जिन्याने, डोक्यावरून जाऊ लागल्या. मजूर मजल्यामजल्यावर काकांच्या नावाने खडे फोडत होते. काका मात्र सावकाश लायनर बसवत राहिले. मोटरच नाही म्हटल्यावर लवकर आटपा असं कोणी म्हणू शकत नव्हतं. त्यांनी दोर पुसला, चाकं साफ केली, ग्रीस भरलं. इतक्या निवांतपणे काम करताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. तोंड मात्र चालूच होतं.

मोटर दुसऱ्या दिवशी आली. काकांनी भरलेला गाडा वर चढवायला लावला आणि पिंजरा मध्येच थांबवला. तो तसूभरही हलला नाही. जावई मान वर करून बराच वेळ बघत राहिला. चेहरा उतरलेला.

“अशी थांबते होय ही?” तो म्हणाला.

तेवढ्यात साहेब आले. काम बघून खूश झाले. म्हणाले, झकास, आता हे लायनर काढून दुसऱ्या साइटला पाठवा, तिकडची लिफ्ट जास्तच सरकतेय आणि उद्या तिकडे बिल्डिंगचे मालक येणार आहेत. इथे सध्या जुनेच लावा.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली आणि या वेळी परत घातली नाही. हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

जावई पुढे आला आणि विंचला पाठ लावून खाली बसला. “मोटर मी दिली, साहेब. ती चूक माझी. हे मी देणार नाही.”

साहेबांनी विचारलं, मग तिकडे काय करायचं?

“ते मला माहीत नाही. पण जुने लावलेत तर गाडा ओढायला तुम्ही चढा.”

साहेबांनी खिशातून फोन काढला आणि कोणाचा आलेला नसताना बोलत बोलत निघून गेले.

काकांनी जावयाची पाठ थोपटली वगैरे नाही. ग्रीसवर बसलास, आता ती पँट कोण घासणार, म्हणून खेकसले. मग मला म्हणाले, चल, दुकान बंद व्हायच्या आत अजून एक जोड आणू. कशाला, मी विचारलं.

“तिकडच्या पिंजऱ्यात काय भुतं शिरतात?”

दुकान येईपर्यंत ते तणतणत होते. साहेबांवर, टेंपोवाल्यावर आणि माझ्यावर. मी फार हळू चालतो म्हणून.