इलेक्ट्रॉन थांबतात, असं मी शिकवलं

फिजिक्सच्या स्टाफरूममध्ये वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. दुसऱ्यांचे आपण हसत सांगतो, स्वतःचे गिळून टाकतो. आज माझेच सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

*

सोलापूरच्या कॉलेजात नोकरीला लागलो तेव्हा विभागप्रमुख माने सरांनी मला त्यांच्या नोट्स दिल्या. त्यात एक वाक्य होतं: 'अ‍ॅब्सोल्यूट झिरोला, म्हणजे ज्याहून गार काही नसतंच त्या तापमानाला, धातूतले इलेक्ट्रॉन थांबतात.' मी त्यावर विनोद जोडला, "मे महिन्यातल्या सोलापूरकरासारखा इलेक्ट्रॉन गप बसून घेतो!"

दर वर्षी वर्ग हसायचा. विनोद इतका चालला की वाक्य तपासावं असं कधी वाटलंच नाही.

*

एका वर्षी करमाळ्याकडच्या सविताने चाचणीत लिहिलं, 'थांबत नाहीत.' मी लाल फुली मारली. ती पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली.

"सर, एनर्जीच्या एका लेव्हलवर दोनच इलेक्ट्रॉन बसत्यात न्हवं? खालच्या लेव्हल भरल्या, मग वरच्यानं जायचं कुटं? त्ये पळतच ऱ्हाणार की!"

"माने सरांपेक्षा शहाणी झालीस का गं?" मी म्हणालो. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यांदा मी!

*

महिन्याभराने पुस्तक उघडलं. सविताचं बरोबर होतं. तसाच माने सरांकडे गेलो.

"सर, नोट्समधलं ते वाक्य चुकलंय."

"माहीत आहे," सर चहा ओतत म्हणाले.

"मग इतकी वर्षं?"

"वाटलं, तुम्ही दुरुस्त कराल!"

*

पुढच्या बॅचला बरोबर शिकवलं, आणि तेही जन्मापासून ठाऊक असल्यासारखं. एकाने विचारलं, "सर, ह्ये कुटल्या पुस्तकात हाय?" मी एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाचं नाव फेकलं. सविताचं नाव काही तोंडातून निघालं नाही. ती तोवर पास होऊन गेली होती, फुली तशीच राहिली.

*

यंदा प्रॅक्टिकलचा एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक म्हणून करमाळ्याच्या कॉलेजात गेलो. सविता आता तिथेच शिकवते, हे आदल्या आठवड्यात कळलं होतं. एसटीत बसून माफीचं वाक्य चारदा घोकलं. आज तिच्यासमोर बोलायचंच, असं ठरवून तिच्या वर्गाच्या दाराशी उभा राहिलो. तिची पाठ माझ्याकडे होती.

"थांबत नाहीत," ती फळ्यावर लेव्हल काढत म्हणाली, "खालच्या जागा भरलेल्या असतात. कळलं?"

"व्हय मॅडम!"

"कळलं ते डोक्यात ठेवा. पेपरात मात्र 'थांबतात' असंच लिहा. पेपर तपासायला सोलापूरला जातात."