आधी माझी बाजू सांगा

वाहेद मास्तर गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला. "काका, अब्बा गेले," एवढंच सलमा बोलली. त्यानंतर ती माझ्याशी बोलत न्हाई. शाळा माझी चौथीपर्यंतची, पण डाळमिल मी कुणाला न विचारता चालवली, हेही न विचारताच लिहून राहिलो.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. पाऊस न्हाई, तूर न्हाई, मिल बंद. मास्तर नांदेडहून इथं कायदा शिकवायला आलेले. माझं रिकामं गोदाम मागायला आले. म्हणाले, दोन देशांचे व्यापारी भांडले की एकमेकांच्या कोर्टात जात न्हाईत, दोघांना चालेल असा लवाद बसवतात. तिथं बोलायला पोरं तयार करायचीत.

"मास्तर, इथं टँकर येईना, आन् तुम्ही विलायतेची भांडणं मिटवणार?"

"मालक, टँकरवर भांडायला तरी कामाला येईल की."

मग उदगीरची, भोकरची पोरं पोत्यांवर बसून शिकू लागली. सरावाच्या भांडणात मला मास्तरांनी परदेशी व्यापारी केलं... डाळ घ्यायला आलेला, भावाला न हलणारा. ते मला लई जमायचं. मास्तरांचा नियम एकच. आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्यालाच सांगायचं. तो "हाव, असंच" म्हणाला, तरच पुढं बोलायचं. मी लवकर हाव म्हणायचो न्हाई. पोरं रडकुंडीला यायची, मास्तर खूश. पुढं मिल सुरू झाली, तरी सुट्टीच्या दिवशी वर्ग तिथंच भरायचा.

यंदा मास्तरांच्या किडन्या गेल्या. हैद्राबादला न्यायचं ठरलं, गाडी दारात उभी, आणि मास्तर पलंगावरून हलेनात. सलमा म्हणाली, "काका, तुमच्यापुढं कुणाचं चालत न्हाई. तुम्हीच सांगा."

मी खोलीत गेलो. "उठा मास्तर."

"आधी माझी बाजू सांगा, मालक."

राग आला, तरी बसलो. म्हणालो, तुम्हाला भीती वाटते. त्यांनी मान हलवली, न्हाई. पोरीला त्रास नको, असं वाटतं तुम्हाला. न्हाई... मग मला त्यांची बेगम आठवली. ती तिकडंच, हैद्राबादच्या दवाखान्यात वारली होती. ती आयसीयूच्या काचेच्या आत, मास्तर बाहेर बाकड्यावर. शेवटचा शब्दही झाला न्हाई. मी म्हणालो, "तुम्हाला काचेमागं जायचं न्हाई. पोरीचा हात हातात पाहिजे."

मास्तरांनी डोळे मिटले. "हाव, असंच. आता तुमची मांडा."

मी उठलो. बाहेर येऊन मी गाडी परत पाठवली. सलमाला वाटतं, मी जोर लावला असता तर अब्बा वाचले असते. वाचलेही असते. मला मात्र पस्तावा न्हाई, दुःख हाय.

मास्तरांच्या चाळिसाव्या दिवसाच्या दुआला गेलो. तिनं पाणी दिलं. म्हणालो, "बेटा, खोलीत जरा बसू?" तिनं दार उघडलं. पलंग रिकामा. त्याला चिकटून तिची खुर्ची, शेवटच्या रात्री अब्बांचा हात धरायला ओढून घेतली होती तशीच. ती अजून कुणी मागं सरकवलेली न्हाई. मीही न्हाई सरकवली. खाली फरशीवर बसलो...