साडेएकोणीस फूट

काकूंचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं, म्हणून काकू दिवसभर मशीनवर बसून असतात आणि गिऱ्हाईक वाकून आत येतं. एकदा नगराध्यक्षांची बायको ब्लाऊज घट्ट झाला म्हणून आली होती, तीही वाकूनच आली, हे काकू आवडीने सांगतात. मापाची पट्टी कायम गळ्यात. घरी जेवायला बसल्या तरी ती काढायचं भान राहत नाही. काका बस चालवतात. त्यांचं म्हणणं, हिला साप चावला तर ही आधी त्याची लांबी घेईल.

दुकानासमोर बाजार भरतो. पन्नासेक बायका तिथे माल घेऊन बसतात आणि त्यांच्यासाठी एकही स्वच्छतागृह नाही. कोपऱ्यावरची भाजीवाली ही काकूंची वीस वर्षांची मैत्रीण. ती घरून निघाली की संध्याकाळी परतेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. तहान लागली की मी टोमॅटोकडे बघत बसते, असं ती हसत सांगायची. मग एका उन्हाळ्यात ती तराजूवरच कोसळली. डॉक्टरांनी किडनीचं नाव काढलं, आणि त्या दिवशी काकूंच्या मशीनचं पायडल हललं नाही.

त्याच सुमारास एका संस्थेतली ताई बाजारात हिंडू लागली होती. प्रभागाची बैठक तोवर सकाळी दहाला कचेरीत व्हायची. ऐन धंद्याच्या वेळी तिथे कोणतीच बाई जाऊ शकत नसे, आणि कागदावर मात्र ‘महिलांना रस नाही’ असं लिहिलं जायचं. संस्थेने नगरपालिकेच्या मागे लागून दोन गोष्टी ठरवून घेतल्या. बैठक दुपारी दोनला, बाजार थंडावल्यावर, बाजारातल्याच शेडमध्ये घ्यायची. आणि पहिला अर्धा तास फक्त बायकांनी बोलायचं.

पहिल्या बैठकीत बायका बोलल्या कमी, एकमेकींना कोपरखळ्या जास्त मारल्या. ताईने सुचवलं, नुसती तक्रार नको, जागा दाखवू या. जागा सगळ्यांना ठाऊक होती. बाजारामागे जुना वजनकाटा होता, तो काढल्यापासून तिथे गवत उगवलं होतं. नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांनी सांगितलं की नियमाप्रमाणे लांबी निदान वीस फूट लागेल. पुढच्या बैठकीत मापं घेऊन या, बसत असेल तर बघू, नाहीतर ती जागा दुचाकींना द्यायचं जवळजवळ ठरलंच आहे.

मापं म्हटल्यावर सगळ्या बायकांच्या माना एकदम काकूंकडे वळल्या.

काकूंनी बैठकीच्या आदल्या दिवशी जागा मोजली. दुसरं टोक भाजीवालीने धरलं होतं. आकडा आला साडेएकोणीस फूट. काकूंनी पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढंच. संध्याकाळी काका म्हणाले, वीसच सांग, कोण मोजायला जातंय. काकूंनी ताटातून मान वर न करता विचारलं, “सहा इंच आखूड पँट तुम्ही घालाल का?”

दुसऱ्या दिवशी काकू शेडमध्ये बोलायला उभ्या राहिल्या. इतक्या माणसांसमोर त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या, आणि डोक्याला पायरी लागत नाही हेच त्यांना विचित्र वाटत होतं. त्यांनी आधी भाजीवालीबद्दल सांगितलं. मग मापांच्या वहीतलं पान वाचलं. साडेएकोणीस म्हणताना आवाज बारीक झाला. साहेबांनी वाईट वाटल्यासारखं तोंड केलं आणि फाईल मिटली. भाजीवाली जमिनीकडे बघत राहिली.

ताई मात्र म्हणाली, काकू, मोजलं कसं ते एकदा दाखवा ना.

काकूंनी शेडच्या ओट्यावर पट्टी लावली. साठ इंचांची पट्टी पूर्ण पसरली, शेवटाला खडूची खूण केली आणि वहीत अठ्ठावन्न लिहिले. पट्टी खुणेपुढे सरकवली, पुन्हा अठ्ठावन्न.

साहेब पुढे वाकले. “दर वेळी दोन इंच कुठे जातायत?”

“मायेत,” काकू म्हणाल्या. त्यात विचारण्यासारखं काय आहे ते त्यांना कळेना. “दोन तुकडे जोडायचे तर शिवणीत जायला दोन्ही बाजूंना इंच-इंच कापड सोडावं लागतं. ते मापात धरत नाहीत.”

“अहो काकू, आपल्याला जमीन शिवायची नाहीये,” साहेब म्हणाले.

मग भाजीवालीच्या तोंडून हसू फुटलं आणि शेडभर पसरलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. चार वेळा पट्टी ठेवली होती, म्हणजे आठ इंच जमीन त्यांनी स्वतःच्या हाताने शिवणीत घातली होती.

सगळी बैठक उठून वजनकाट्याच्या जागेवर गेली. साहेबांनी लांब टेप काढला आणि एक टोक काकूंच्या हातात दिलं. वीस फूट दोन इंच. त्यांनी गवतात उभ्यानेच फाईलवर मंजुरीची शिफारस लिहिली आणि म्हणाले, दोन इंच जास्तच निघाले की.

“राहू द्या,” काकू म्हणाल्या. “पुढेमागे उसवायची वेळ आली तर बरं.”

बांधकामाला सात महिने लागले. त्यातले दोन दाराची कडी बसवण्यात गेले, कारण कडी आतूनही हवी हे साहेबांच्या नकाशात नव्हतं. तो विषयही दुपारी दोनच्या बैठकीत काकूंनीच काढला. आता बैठकीला त्यांना कोणी ढकलून पाठवावं लागत नाही, त्या दिवशी दुकान दीड वाजताच बंद होतं.

स्वच्छतागृह उघडलं त्या सकाळी भाजीवालीने नऊ वाजता बाटली तोंडाला लावली आणि निम्मी संपवली. जिन्याखालून काकूंची हाक आली, “हळू गं, टोमॅटोंना राग येईल.”