दादाची ओतून दिलेली बाटली

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रायपुरात, समता कॉलनीतल्या माझ्या औषधांच्या दुकानात मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढत होते. नव्या रायपुरातून त्याचे शेजारी बोलत होते. सकाळी दार उघडलं नाही, म्हणून... पुढचं ऐकून घेतलं, समोरच्या गिऱ्हाइकाचं औषध दिलं आणि शटर ओढलं. त्याला आता सात आठवडे झाले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यात वाढलो. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा तो सरकारी नोकरीत होता. मंत्रालय नव्या रायपुरात हललं तसा तोही त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांच्या बाजूला राहायला गेला. वहिनी गेली, नोकरी संपली, तरी तिथेच राहिला. दर रविवारी मी जायचे. त्याच्या गोळ्या डबीत वारानुसार भरायच्या, फ्रीज पुसायचा आणि परतीची बस गाठायची. "थांब ना जरा," तो म्हणायचा. "बस चुकेल," मी म्हणायचे.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी ओट्याखालच्या कपाटात मला दारूची बाटली सापडली, अर्धी भरलेली. तो क्वचित घ्यायचा, हे मला ठाऊक होतं. पण झाकण काढून हुंगलं तर टिंचर आयोडीनचा भपकारा. भेसळीच्या दारूने माणसाचं काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. नळ सोडला आणि सगळी सिंकमध्ये ओतून दिली. मागे वळले तर दादा दारात.

"काय करून राहिली तू?"

"खराब झाली होती. टिंचरचा वास मारून राहिली होती. काहून ठेवली होती असली?"

त्याने सिंककडे पाहिलं. "हव," एवढंच म्हणाला आणि चहाचं आधण ठेवलं. मला वाटलं, पटलं त्याला.

तेरावा झाल्यावर त्याच्या मुलीने, मुग्धाने, बॅगेतून तशीच दुसरी बाटली काढली. ती स्कॉटलंडला असते, आणि लहानपणापासून तिचं बोलणं हिंदीच. "आत्या, वो ख़राब नहीं थी." तिथल्या एका बेटावरची सिंगल माल्ट व्हिस्की ती, मुग्धानेच आणून दिलेली. दलदलीतली माती वाळवून जाळतात, तिच्या धुरावर धान्य सुकवतात, म्हणून तसा वास. दादाला त्यात आमच्या आईच्या गोरसीचा धूर सापडला होता. मला शेजारी बसवून एकदा हुंगायला देणार होता, म्हणून अर्धी राखली होती. "पापा बोले, आत्या को मत बताना, बुरा लगेगा." त्याने त्या दिवशी सांगितलं असतं, तरी मी ऐकलं असतं असं नाही. म्हणाले असते, वासातलं तुला काय कळतं...

मुग्धाने स्टीलच्या वाटीत थोडी ओतली. मी हुंगली. टिंचर. तिने पाण्याचे दोन थेंब टाकले. टिंचरच.

"जल्दी मत करो ना, आत्या. वैसे, गोरसी होती कैसी है?"

मी सांगायला लागले. मातीची शेगडी, तिच्यात शेणी धुमसत ठेवायच्या, थंडीत आम्ही दोघं हात शेकत बसायचो... पण गोरसी मधल्या खोलीत असायची की मागच्या पडवीत, आई शेणींबरोबर आणखी काय टाकायची, काही आठवेना. धुराने डोळे चुरचुरायला लागले की मी उठून जायचे. दादा बसून राहायचा.