बुटीबोरीची मालकीण

बुटीबोरीला आमच्या आईच्या मालकीची एक सूतगिरणी आहे. (निदान आई तसं समजत होती, आणि तिला तसं समजावून सांगणारा महाभाग मीच!)

झालं असं, की बँकेतली तिची ठेव मोकळी झाली, तेव्हा मी तिला शेअरची गोडी लावायला बसलो. आईने सारा जन्म कुहीकडची धानशेती पाहिली. डोळ्यांना दिसत नाही त्यात पैसा घालणं तिच्या रक्तात नाही.

"शेअर म्हंजे काय गा?"

"अवं, कंपनीचा तुकडा. तो घेतला की तू मालकीण!" मी तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो. (ऑफिसात माझं कोणी ऐकत नाही, म्हणून हा थाट मी घरीच वापरतो.)

"मालकीण" या शब्दावर आई विरघळली. मी तिच्या नावाने खातं उघडलं आणि बुटीबोरीच्या एका गिरणीचे थोडे शेअर घेऊन दिले. त्या दिवसापासून गच्चीवर पापड वाळवतानासुद्धा "आमची गिरणी" सुरू झालं. शेजारच्या मंदाकाकू डोळे विस्फारून ऐकायच्या. बायको म्हणाली, "अहो, आईंना नीट समजावून सांगा." मी हसण्यावारी नेलं.

आणि मग एका सकाळी ऑफिसात फोन आला. पलीकडे हॉर्नचा नुसता कल्लोळ!

"साब, बुटीबोरी से... मिल का गेट बंद... गाड़ियाँ रुकी हैं... जल्दी आओ!"

फोन कटला. मी हादरलो. थोड्या वेळाने तोच पुन्हा लागला.

"साब, मैं वॉचमन बोल रहा हूँ। आपकी माताजी गेट पे बैठी हैं। बोलती हैं, कंपनी मेरी है!"

"कोण? माझी आई? ती तर घरी आहे!"

"नहीं साब, कुर्सी पे है।"

वर्धा रोडवर मी स्कूटर कशी हाणली ते मला आठवत नाही. पोचलो तर गेटच्या बरोब्बर मध्यभागी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर इरकली नेसलेली आमची मातोश्री, शेजारी दुसऱ्या खुर्चीवर मंदाकाकू (गिरणी पाहायला म्हणून खास पाहुण्या!), आणि मागे रस्त्यापर्यंत ट्रकच ट्रक. दोघी खापरीपर्यंत मेट्रोने आणि पुढे ऑटोने आल्या होत्या. म्हाताऱ्या बाईला उन्हात कसं उभं ठेवायचं म्हणून वॉचमनने बिचाऱ्याने खुर्ची दिली. ती कोपऱ्यात ठेवायची की नाही? पण येणारं-जाणारं दिसलं पाहिजे, म्हणून मालकिणीने ती मध्ये ओढली!

"आई! तू इथं काहून आली?"

"काहून म्हंजे? आपली गिरणी कशी चालून राहिली ते पाहाले नोको?"

"अवं, आपली म्हणजे तशी आपली नाही!"

"मंग कशी? तूच तं म्हनला होता, मालकीण झाली म्हनून."

"पण तुझे शेअर किती? चिमूटभर!"

"एक एकरवाल्यालेही बांधावर जा लागते, अन् शंभर एकरवाल्यालेही," आई म्हणाली. मंदाकाकूंनी मान डोलावली. मागच्या ट्रकवाल्यानेही डोलावली!

तेवढ्यात आतून मॅनेजर पळत आले. चेहरा पांढराफटक. न कळवता कोणी बडा भागधारक थडकला, असा निरोप त्यांना गेला असावा.

"तुमीच का मुनीम?" आईने विचारलं.

"मी मॅनेजर आहे, आजी."

"तेच ते. आत पंखे कोनासाठी फिरून राहिले? मानसं तं सारी बाहेर जेवून राहिली!"

मॅनेजरांनी मागे वळून आरोळी ठोकली, "अरे, पंखे बंद करा रे!"

"अन् बाया उनात बसून जेवते. त्यायच्यासाठी सावली कोन करन? मी?"

"करतो, आजी. आजच शेड टाकायला सांगतो."

याच कंपनीला मी गुंतवणूकदार म्हणून लांबलचक ईमेल पाठवत आलो होतो, एकाचंही उत्तर नाही. आणि इथे आईने खुर्चीवरून न उठता शेड मंजूर करून घेतली!

मॅनेजर हात जोडून म्हणाले, "आजी, आता आत चला. चहा घ्या, सूत कसं निघतं ते दाखवतो. फक्त खुर्ची तेवढी..."

खुर्ची हलली. ट्रक सुटले. दोघी ऐटीत आत निघाल्या. मीही मागोमाग निघालो, तर वॉचमनने हात आडवा घातला.

"आप कौन?"

आई वळून म्हणाली, "अरे, त्याले येऊ दे. तो तं माह्याहून मोठा मालक हाय! त्याच्याजवळ लय शेअर हायेत."

"अरे वा!" मॅनेजर म्हणाले. "म्हणजे सर, तुमचाही आमच्या कंपनीवर विश्वास आहे तर!"

आता काय सांगणार? पहिला फोन कटला आणि दुसरा लागला, त्या मधल्या वेळात "गेट बंद, गाड़ियाँ रुकी हैं" एवढ्यावरून, गिरणीत संप झाला असं समजून मी माझे सगळे शेअर घाबरून पडेल भावाने विकून टाकले होते. आणि तो संप म्हणजे माझी आई होती!

"विश्वास आहे हो," मी म्हणालो, "पण मी आपला इथेच थांबतो."

वॉचमनने माझ्याकडे नीट पाहिलं आणि ती प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडे सरकवली. या वेळी मात्र कोपऱ्यात.