नारळ फुटला, गुत्तं सुटलं

आमच्या दैवशालाच्या बापाला सगळं जमतं, फकस्त 'न्हाई' म्हनता येत न्हाई. सोनपेठच्या अंगाला किती हिरी खांदल्या त्यानं! पर एका मालकानं हिरीच्या गुत्त्यातच, ठरल्या ठेक्याच्या पैशात, पायऱ्या करून घेतल्या, मलबा उचलून घेतला, वर जनावरांचा हौद बी बांधून घेतला. ह्याचं आपलं एकच, "करू की मालक!" भीड भिकेची बहीण म्हनतात ते काय उगं? आन त्यात ह्याला एक जागा ठाऊक न्हाई. हीर पुरी होईस्तोवर जेवताना सुदिक उठून काठ बघून येनार. माझं डोकं फिरायचं.

म्हनून बन्सीधर मालकाच्या हिरीचं बोलनं व्हतं त्या दिशी मी सोता गेले. जायकवाडीचं पानी शेजारच्या शिवारात आलतं, मालकाच्या रानात न्हाई, त्याचा बी जीव खालीवर व्हायलता. पारावर चार मानसांत मी बोलले, "खांदनं आमचं, काठ ढासळू नये म्हनून दगडाची कड बांधनं तुमचं. पानी लागलं, तुमी नारळ फोडला की गुत्तं सुटलं. फुडचं काय असंल ते नव्यानं बोलायचं."

"व्यंकटी, बाई लय कायदेबाज हाय रे तुझी!" मालक हसला, पर हो म्हनला. नारळाची रीत काय मी काढलेली न्हाई, वाडवडलांची हाय.

चैतात मुरमातून बोटभर झरा फुटला. ह्यो खालून वरडायलाय, "थांबा मालक, झऱ्याचा भरोसा न्हाई आजून!" पर मालकाला कुठला दम? नारळ फोडला, ह्याला वर घेऊन शेला बी बांधला.

तिसऱ्या दिशी झरा आटला.

मालक सकाळीच दारात. "हीर कोरडी पडली. उतर खाली, न्हाईतर बोरची गाडी आनतो."

ह्यो निघाला की सब्बल घेऊन! मी मागं पळाले. काठावर बघते तर मलब्याच्या ढिगाखाली काळ्या मातीला हात जाईल येवढी भेग. ह्यानं चपला काढल्या तशी मी जाऊन काठापासनं लांब पडलेल्या, उतरायच्या दोराच्या वेटोळ्यावरच बसले.

"ऊठ," ह्यो म्हनला.

"न्हाई उठत. नारळ फुटला, गुत्तं सुटलं. मालक, आदी कड बांधा, मग नवं बोलू."

"आगं, माझी हीर कोरडी म्हनतील लोक!" ह्यो काठानं येरझारा घालायलता. "तुझ्यापायी नाव जाईल माझं."

"जाऊ द्या नाव! नाव घिऊन मी काय करू, तुमी गेल्यावर?"

मालक तावातावानं म्हनला, "ह्या बाईचं ऐकत बसनार का तू?"

ह्यो काठ सोडून माझ्या हाताला धरून वढायला आला, आन तवाच काठ हलला. ढीग, माती, टोपलं, सब्बल, सगळं धाडदिशी खाली गेलं. धुरळा खाली बसला तवा काठावर ह्याची एकच चप्पल उरलती.

मालक मटकन बसला. मग म्हनला, "बाई, आता बोला नवं गुत्तं."

मी ह्याचा हात दोन्ही हातांनी गच्च धरून बसलेली.

मग दैवशालाचा बापच बोलला. "आदी कड बांधायची, मालक. न्हाईतर न्हाई."

मी तिथंच दोरावर बसून हमसून हमसून रडले. येवढा एक 'न्हाई' ऐकायला माझा अर्धा जल्म गेलता.